मानाची सॉरी

२० जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच. कालचा प्रकार लिहून ठेवला नाही तर उद्या लोक म्हणतील, असं काही झालंच नव्हतं.

काल पाथरीला भाचीचा साखरपुडा. ज्ञानेश्वरी. माझ्या धाकट्या बहिणीची, विजयमालेची, एकुलती एक. आणि मी तिचा सख्खा मामा. तोही एकच. दुसरा असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं.

स्टेजवर फेटे बांधणं चालू होतं. नवऱ्या मुलाचा बाप, चुलते, चुलत्यांचे साडू, फोटोग्राफर. होय, फोटोग्राफरला फेटा. माझा नंबर आला तर फेटेवाला म्हणाला, "सॉरी काका, कापड संपलं."

एक तर मी काका नाही, मामा आहे. दुसरं, ही काय सॉरी झाली? ही किराणा दुकानातली सॉरी. साबुदाणा संपला, सॉरी. गूळ संपला, सॉरी. माणसाची इज्जत म्हणजे काय साबुदाणा आहे? आणि बहिणीच्या नवऱ्याचं, रविकांत पाव्हण्यांचं, भर बाजारात कापडाचं दुकान. तिथं कापड संपलं! मग पाव्हणे स्वतः हसत आले. आल्या-गेल्याला द्यायच्या टोप्यांच्या गठ्ठ्यातली एक काढून माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाले, "दादा, आजच्या दिवस चालवून घ्या."

टोपी काढून खुर्चीवर ठेवली. नवऱ्या मुलाच्या बापाशी दोन शब्द बोललो, थोडा विनोद केला, आणि न जेवता निघालो. बायको, छबू, जेवून आली. तिनं जिलेबी परत मागून घेतली म्हणे. शिसारी आली.

ठराव: पाथरीहून अस्सल सॉरी आल्याशिवाय त्या घराची पायरी चढायची नाही. लग्न २३ फेब्रुवारीला आहे. मामानं आणल्याशिवाय मुलगी मांडवात येत नसते. म्हणजे सॉरी येणारच. फार तर आठवडा.

२२ जानेवारी

फोन नाही. शब्द जुळवत असतील.

स्टँडवर एक पोरगा मोबाईल कानाला लावून माझ्या पायावर पाय देऊन गेला. जाता जाता "सॉरी सॉरी". एका श्वासात दोनदा, आणि माझ्याकडे न बघता. मी मानवत स्टँडचा वाहतूक नियंत्रक. माझ्याच स्टँडवर, माझ्याच पायावर! थांबवला त्याला. सांगितलं, सॉरी ही उभं राहून म्हणायची गोष्ट आहे, पळता पळता टाकून जायची नाही. तो परत म्हणाला. मी म्हणालो, यात भाव नाही. तेवढ्यात त्याची सेलूची गाडी गेली. मग तो जे बोलला त्यात भाव होता. पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

२५ जानेवारी

रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली. सगळ्या गाड्या अडकल्या. सकाळपासून माईकवर एकच काम. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

दुपारी एक म्हातारी खिडकीशी आली. नाव दगडाबाई, रोज दूध घेऊन येते. म्हणाली, "साहेब, सकाळधरनं माफी मागायलात, लय मोठं पाप झालंय का तुमच्या हातनं?" समजावून सांगितलं की ही माफी माझी नाही, ऑफिसची आहे. मी फक्त म्हणतो. म्हणाली, "मंग तुमाला सोताला काईच वाटत न्हाई?" मी म्हणालो, वाटायचा प्रश्न नाही, ड्युटी आहे.

ती निघून गेली. बाकड्यावरच्या बायांना काहीतरी सांगितलं. सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. लोकांना सरकारी भाषा कळत नाही याचा वीट आलाय.

पाथरीहून अजून काही नाही.

२८ जानेवारी

पोराला, हरिओमला, मेसेज टाकला. तो परभणीला होस्टेलवर असतो. लिहिलं की आत्याला फोन कर, परिस्थिती किती गंभीर आहे ते सांग, पण मी सांगितलं असं सांगू नको. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. एस, आर, वाय. पुढे, पप्पा एक्झाम.

शब्दातली अक्षरं खाल्ली! बापाला पाठवताना एक ओ जड झाला याला. पूर्वी लोक चुका लपवायचे, आता चुकीची कबुलीसुद्धा कापून पाठवतात. माझ्या काळात

छबू हाक मारतेय. भाकरी थंड झाली म्हणे.

२ फेब्रुवारी

प्रगती! पाथरीहून पत्रिका आली. पण कशी आली? पाव्हणे स्वतः आले नाहीत. दुकानात लग्नसराईची गर्दी म्हणे. आमचा कंडक्टर धम्मदीप पाथरीच्या गाडीवर असतो, त्याच्या हाती पाठवली. सख्ख्या मामाची पत्रिका तिकीट मशीनच्या पिशवीतून! हळदीकुंकवाला शाईचे डाग.

मामा म्हणून माझं नाव सगळ्यात वर आहे, हुद्द्यासकट. अक्षर थोडं बारीक वाटतं. पण खरी गोष्ट शेवटच्या ओळीत. "नजरचुकीने कोणास निमंत्रण पोहोचले नसल्यास क्षमस्व." धम्मदीपला दाखवलं. म्हणालो, बघा, शब्द सापडत नव्हते, आता सापडले. नजरचूक मान्य केली. क्षमस्व म्हणजेच सॉरी. आता फक्त तोंडानं म्हणायचं राहिलं.

त्यानं पिशवीतून स्वतःची पत्रिका काढली. त्यातही तीच ओळ. म्हणाला, "साहेब, सगळ्याच पत्रिकंवर असती ती." आणि म्हणाला, "घरचं कार्य हाय. जाऊन उभं ऱ्हावा. कामून ताणायलात?"

म्हणजे सॉरी आता छापखान्यात घाऊक मिळते. थू.

५ फेब्रुवारी

छबूशी वाद. मी फक्त एवढंच म्हणालो की आता दिवस कमी राहिले, पाथरीवाल्यांनी उशीर करू नये. तर भाकरी थापता थापता म्हणाली, फेट्याचं सोडा, तुमी त्या इवायापुढं आपल्या पोरीला काय बोललात ते आठवतंय का?

आठवायला काय झालं. विनोद होता. ज्ञानेश्वरी पुण्याला कंपनीत फोनवर बसते. लोक तक्रारी करतात, ही सॉरी म्हणते. तर मी व्याह्यांना म्हणालो की आमच्या भाचीला सॉरी म्हणायचा पगार मिळतो. भाकरी येत नाही, सॉरी येते. तुम्ही जेवायला बसाल तेव्हा ताटात तेवढीच मिळेल.

चार लोक हसले. लोक हसतात त्याला विनोद म्हणतात. छबू म्हणते, व्याही हसले नाहीत. पोरगी आत जाऊन रडली. मी म्हणालो, लग्नाच्या मुली रडतातच. म्हणाली, "पाठवणीला रडत्यात. साखरपुड्याला न्हाई."

आणि पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. भाकरी करपली ती माझ्यामुळे नाही.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी

आला! पुण्याहून फोन. खुद्द ज्ञानेश्वरीचा. लगेच उचलला नाही, घाई दिसू नये म्हणून. बरीच रिंग जाऊ दिली.

म्हणाली, "मामा, सॉरी. फेट्याचं आमच्याकडून चुकलंच. तुमचा फेटा आधी बाजूला काढून ठेवायला पाहिजे होता. पप्पांच्या लक्षात आलं न्हाई, मी तरी बघायला पाहिजे होतं. खरंच सॉरी."

आवाज गोड. एकेक शब्द स्वच्छ. इथंच माझा अनुभव कामाला आला. इतका सराईत आवाज घरच्या माणसाचा नसतो. ही तीच सॉरी, दिवसभर ती कुणाकुणाला देते. ज्याचं नेट बंद त्याला, ज्याचं रिचार्ज अडकलं त्याला, आणि आता मामाला. मी शांतपणे समजावलं. म्हणालो, बाळा, ही नोकरीची सॉरी झाली, नात्याची नाही. जरा विचार कर आणि नात्याची पाठव.

पलीकडे काहीच आवाज नाही. वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं. रेंज होती. मग म्हणाली, "मामा, तुम्हाला मला काही म्हणायचं होतं का?"

मी नीट आठवून बघितलं. म्हणालो, नाही.

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवताना "ठेवते मामा" म्हणायची पद्धत असते. शहरात राहून पोरांना वळण राहत नाही.

लहानपणी ही स्टँडवर आली की माझ्या केबिनमध्ये टेबलावर बसायची आणि माईकमध्ये फुंकर मारायची. सगळं स्टँड दचकायचं. ते मध्येच का लिहिलं माहीत नाही. खोडत नाही, पान खराब होतं.

१० फेब्रुवारी

धम्मदीपला सांगितलं. तो म्हणाला, "चला, आली म्हणायची सॉरी." मी म्हणालो, आली होती, परत पाठवली. म्हणाला, "साहेब, पार्सल हाय का ते?" आणि घंटी मारून गाडी सोडली.

तत्त्व पाळणाऱ्या माणसाला या जिल्ह्यात एकटं राहावं लागतं.

१४ फेब्रुवारी

विजू आली. घरी नाही, स्टँडवर. खिडकीशी, प्रवाशांच्या रांगेत उभी. तिच्या पुढे एक माणूस परभणीची गाडी विचारत होता, मागे दोघं. नंबर आला तेव्हा म्हणाली, "दादा, पोरीला मांडवात कोण आणंल?"

मी म्हणालो, ते पाव्हण्यांनी ठरवावं. म्हणाली, "ते दुकान सोडून न्हाई आले, मी आले ना. पोरगी जेवंना झालीय नीट. काय झालं असंल ते पोटात घाल. मी माफी मागते."

हीच तर अडचण. माफी भलत्याच माणसानं मागितली. विजूची काय चूक? तिची माफी घेतली असती तर पाव्हणे सुटले असते. हे तिला सांगितलं. मागचा माणूस म्हणाला, बाई, तुमचं झालं असंल तर सरका.

तेवढ्यात पाथरीची गाडी लागली. घोषणा करणं माझं कामच. केली. विजूनं पदरानं तोंड पुसलं आणि गाडीत जाऊन बसली, खिडकीच्या बाजूला. मी हात करणार होतो, पण हातात माईक होता.

घरी नेऊन चहा पाजायला पाहिजे होता असं छबूचं म्हणणं. सरकारी वेळेत चहा?

१९ फेब्रुवारी

छबूला आज्ञा केली. मी नाही म्हणजे घरचं कुणीच नाही. हळद नाही, लग्न नाही. शिस्त म्हणून.

ती बॅग भरत होती. मान वर न करता म्हणाली, "सॉरी हं, मी जानार."

सॉरी हं! एवढ्या वर्षांच्या संसारात हा शब्द कधी तोंडात नव्हता, आणि आला तो असा. माफी मागायला नाही, नाही म्हणायला. विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, ज्ञानूनं शिकवलं. पुण्यात असं म्हणलं की समोरच्याला पुढं बोलता येत न्हाई म्हणे.

मी पुढं बोलायचा प्रयत्न केला. बोलता आलं नाही. हा शब्द आता शस्त्र म्हणून वापरतात. याची मला किळस येते.

दुपारच्या गाडीनं गेली. धम्मदीपनं तिला खिडकीची जागा दिली.

२१ फेब्रुवारी

खिचडी केली. खाली लागली. वर कच्ची. दोन्ही एकाच पातेल्यात कसं होतं हे कळत नाही.

२२ फेब्रुवारी

योजना तयार. आता कुठेच चूक व्हायची शक्यता नाही.

उद्या सकाळी पाथरीला जायचं. पण कार्यालयात नाही. स्टँडवर, कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसायचं. तिथून मंगल कार्यालय जवळच आहे. मुहूर्त जवळ आला की धावपळ होईल. मामा कुठाय? मामा कुठाय? कुणीतरी सांगेल, स्टँडवर बसलेत. मग पाव्हणे स्वतः येतील, फेटा घेऊन. येतानाच म्हणतील. मी लगेच उठणार नाही. थोडं थांबून म्हणेन, असू द्या, असू द्या, मुलीचं कार्य आहे.

"असू द्या" आरशासमोर म्हणून बघितलं. पहिल्यांदा जरा रागीट वाटलं. मग जमलं. पांढरा शर्ट, नवी पँट. इस्त्री स्वतः केली. कॉलरवर थोडं पिवळं झालंय, फेट्याखाली दिसणार नाही.

२३ फेब्रुवारी, सकाळी. पाथरी स्टँड.

केबिनमध्ये बसलोय. इथला कंट्रोलर भला माणूस, खुर्ची दिली. विचारलं, लग्नाला का? म्हणालो, बोलावणं यायचंय.

सनई ऐकू येतेय. कुणी नाही.

व्याह्यांची गाडी आली. बँड मोठा आहे. कुणी नाही.

हरिओम आला! मोटारसायकलवर, डोक्याला फेटा. मनात म्हणालो, पोराला पाठवलं, पाव्हणे नाही आले, पण चालेल, मोठं मन करू. विचारलं, कुणी पाठवलं? म्हणाला, कुणी न्हाई, बर्फ घेऊन चाललोय. मग म्हणाला, "पप्पा, इथं काय करायलात? चला ना, बसा मागं." म्हणालो, असा येणार नाही, रीतसर बोलावणं पाहिजे. त्यानं बर्फाकडे बघितलं. गोणीतून पाणी गळत होतं. "सॉरी पप्पा, वितळायलाय," म्हणाला आणि गेला.

बर्फासाठी बापाला सोडलं.

लाऊडस्पीकरवर गुरुजींचा आवाज. "मामा, मुलीला घेऊन या."

जातो. नाइलाज आहे.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी. घरी.

जवळ वाटतं, पण गर्दीतून वेळ लागला. दारात पोचलो तेव्हा मंगलाष्टका सुरू झालेल्या.

ज्ञानेश्वरी पाटावर उभी होती. तिच्या मागे, मामा उभा राहतो त्या जागी, छबू. तिनंच हात धरून मांडवात आणली. मामी. गुरुजींनी हरकत घेतली नाही. कुणीच घेतली नाही. मामा कुठाय असं विचारतोय असा एकही आवाज माझ्या कानावर आला नाही. नंतर कळलं, गुरुजींनी दोनदा पुकारा केला, मग विजूनं वहिनीकडे बघितलं आणि छबू पुढे झाली. एवढंच.

स्टेजवर एका खुर्चीवर बांधलेला फेटा ठेवला होता. गुलाबी, तुऱ्याचा. कुणी घातला नव्हता. कुणाचा ते मी विचारलं नाही.

मी मागे, पाण्याच्या टाकीजवळ. एका बाईनं हातात अक्षता दिल्या. इतक्या लांबून टाकल्या की पुढच्या माणसाच्या कॉलरमध्ये गेल्या. त्यानं वळून बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

पंगतीत पाव्हण्यांनी स्वतः वाढलं. "घ्या दादा, पोटभर जेवा." फेट्याविषयी एक शब्द नाही, स्टँडविषयी नाही. विसरले असतील असं तोंडावरून वाटत नव्हतं. जिलेबी दोन वाढल्या. खाल्ल्या. वाया जायला नको म्हणून.

पाठवणी. गाडी फुलांनी झाकलेली. जनरेटर अगदी शेजारी धडधडतोय, बँडवाले शेवटचं वाजवतायत. ज्ञानेश्वरी सगळ्यांच्या गळ्यात पडत पडत आली. विजूच्या, छबूच्या. मग माझ्यापुढे आली आणि वाकून पाया पडली.

काय झालं कळलं नाही. ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. एकच शब्द. आवाज कमी पडला असेल, केबिनमधल्या पंख्याची हवा बाधली.

तिनं डोळे पुसले, कान पुढे केला. भुवया वर. म्हणाली, "सॉरी?"

मी परत तोंड उघडलं. निघालं नाही. म्हणालो, "काही न्हाई. सुखी राहा." ते तिला ऐकू आलं. मान हलवली. गाडीत बसली. गेली.

२४ फेब्रुवारी

विषय संपला. ड्युटीवर धम्मदीपनं विचारलं, शेवटी काय झालं साहेब? सांगितलं, पाठवणीच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, पोरगी मला सॉरी म्हणाली. नात्याची सॉरी. मीही ताणलं नाही. म्हणाला, लय बरं झालं.

छबू संध्याकाळी परतली. जेवताना तिलाही हेच सांगितलं. घास तसाच धरून ती म्हणाली, "मी शेजारीच होते. ती तसं न्हाई म्हणली. तिला ऐकू आलं नव्हतं. तुमी काय म्हणलात, ते इचारलं तिनं."

मी वरण वाढून घेतलं.

"काय म्हणलात तिला?"

म्हणालो, लक्षात नाही. गोंगाट होता.

छबूनं ताट बाजूला सारलं. हात पुसला, मोबाईल घेतला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "आता गोंगाट न्हाई," म्हणाली. रिंग जायला लागली. मी हात धुवायला मोरीत गेलो. आतून ज्ञानेश्वरीचा आवाज आला, "बोला मामी." मग छबूचा, "मामाला बोलायचंय, थांब."

तांब्यावर तांब्या ओतला. वरण तुपाचं होतं. नीट धुवायला वेळ लागतोच.